वारसा कोणाच्या नावावर?

जिल्हा परिषदेच्या कुठल्याही शाळेत सकाळी परिपाठ होतो. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना, फळ्यावरचा सुविचार, दिनविशेष, बोधकथा आणि पुष्कळ ठिकाणी शेवटी पसायदान. हे सगळे इतके अंगवळणी पडले आहे की त्यात किती काळांची सरमिसळ आहे ते कोणाच्या ध्यानातही येत नाही. पसायदान १२९० सालचे. प्रतिज्ञा पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी १९६२ साली तेलुगूत लिहिलेली. बोधकथा कधी पंचतंत्रातली, कधी इसापाची. मुलांना दोन्ही सारख्याच आपल्या वाटतात. वाटणारच, कारण इसाप मराठीत आला तोच मुळी शिकवण्यासाठी: तंजावरला सरफोजीराजांच्या काळी १८०६ मध्ये, आणि मुंबईत सदाशिव काशिनाथ छत्र्यांच्या हातून १८२८ मध्ये. व्हरांड्याच्या भिंतीवर मूल्यशिक्षणाची दहा मूल्ये रंगवलेली असतात. त्यात स्त्री-पुरुष समानता आहे, वैज्ञानिक दृष्टिकोन आहे आणि त्याच रांगेत वक्तशीरपणा व नीटनेटकेपणाही आहे. यादी करणाऱ्यांना नखे कापणे आणि विषमता मोडणे ही एकाच मापाची कामे वाटली असावीत, अशी शंका मला ती भिंत पाहताना दर वेळी येते.

मागच्या पिढ्यांचे ज्ञान आणि त्यांच्या नीतिकल्पना पुढच्या समाजात कशा उतरतात, आणि त्या उतरण्यात शाळा काय करते, हा या संग्रहाचा विषय आहे. क्षेत्र महाराष्ट्राचे, कालखंड साधारण दोनशे वर्षांचा. विषय जुना आहे, पण त्याबद्दल आपण बहुधा एका गैरसमजातून बोलतो. वारसा म्हणजे वरून खाली आपोआप येणारी गोष्ट, असे आपण धरून चालतो. एखाद्या तलाठ्याला विचारा. खातेदार वारला म्हणून जमीन कोणाच्या नावावर आपोआप चढत नाही. अर्ज करावा लागतो, वारसांची यादी द्यावी लागते, हरकतीची मुदत जाऊ द्यावी लागते, तेव्हा कुठे फेरफार मंजूर होतो. त्या यादीत कोणाचे नाव राहून गेले आणि कुठल्या बहिणीने हक्कसोडपत्रावर सही केली, यावरून ते घर कळते. ज्ञानाच्या बाबतीतही अशी यादी करणारा कोणीतरी असतो. या पुस्तकातल्या लेखकांची मते एकमेकांशी जुळत नाहीत, पण ‘यादी कोणी केली?’ हा प्रश्न मात्र प्रत्येकाने विचारला आहे.

इंग्रजी अमलाच्या आधी शिकण्याच्या वाटा अनेक होत्या आणि त्या एकमेकींना फारशा भेटत नव्हत्या. वेदपाठशाळा आणि शास्त्र्यांची घरे ही एक वाट. पंतोजींची शाळा ही दुसरी: धूळपाटीवर अक्षर गिरवायचे, मोडी वाचायची, हिशेब शिकायचा. कीर्तन, भजन आणि वारी ही तिसरी. अक्षरओळख नसलेल्या माणसाच्याही ओठी तिने शेकडो अभंग दिले. सुताराचा, लोहाराचा, कुंभाराचा मुलगा बापाच्या हाताखाली शिकत होता. त्या कसबाची आणि त्याला बांधलेल्या जातीची व्यवस्था त्रिंबक नारायण आत्र्यांनी १९१५ साली ‘गावगाडा’त नोंदवली, इतक्या जवळून ती क्वचितच कोणी पाहिली असेल. आणि पहाटे जात्यावर बसलेली बाई दळता दळता ओवीत नात्यांचा, देवांचा, सासर-माहेराचा एक सबंध नीतिविचार मुलीच्या कानावर घालत होती. हेमा राईरकर, गी प्वातवँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव फिरून अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्या जमवायला विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला, कारण तोवर त्यांना कोणी ज्ञानाच्या खात्यावर धरलेच नव्हते.

यातल्या काही गोष्टी कोणी वाईट चिंतले म्हणून गेल्या, असे नाही. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी हे अपूर्णांकांचे पाढे घ्या. संध्याकाळी दिवेलागणीला परवचा म्हणताना मुले ते घोकत. रुपया-आणे-पै आणि मण-शेर-छटाक यांच्या बाजारात ते रोज उपयोगी पडत. १९५७ साली नवे पैसे आले, पाठोपाठ मेट्रिक वजने आली, आणि औटकीचे कामच संपले. औटकीसाठी गळा काढण्यात मला अर्थ दिसत नाही. पण तोंडी हिशेबाची जी शिस्त त्या घोकण्यात होती तिचे पुढे काय झाले, हे विचारण्यासारखे आहे. मोडीचे तसे नाही. ती शाळेतून गेली तो निर्णय होता, आणि त्या निर्णयामुळे पुण्याच्या पुराभिलेखागारातले पेशवे दफ्तराचे रुमालच्या रुमाल आज मूठभर जाणकारांखेरीज कोणाला वाचता येत नाहीत. आपल्याच पणजोबांचे खतपत्र आपल्याला परक्या लिपीतले वाटते.

परंपरा राखणारेही निवड करतच राखतात. याचे मराठीतले सगळ्यात लख्ख उदाहरण पैठणचे. ज्ञानदेवांनंतर तीनशे वर्षांत ज्ञानेश्वरीच्या प्रतींमध्ये नाना पाठभेद शिरले होते. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, प्रती ताडून पाठ शुद्ध केला आणि यापुढे त्यात कोणी आपली भर घालू नये असेही बजावले. आपण जिला मूळ ज्ञानेश्वरी समजतो तिच्यामागे एका संपादकाचा हात आहे. महानुभावांनी दुसरा मार्ग धरला: ग्रंथ सांकेतिक लिप्यांत ठेवले. ते शाबूत राहिले, पण पंथाबाहेरच्या मराठी वाचकाला त्यांची दारे विसाव्या शतकापर्यंत बंद होती. तुकोबांच्या गाथेची शंकर पांडुरंग पंडित आणि विष्णु परशुरामशास्त्री पंडित यांनी सिद्ध केलेली छापील आवृत्ती १८६९ पासून निघाली, ती मुंबई सरकारच्या पैशाने. वारकऱ्यांचा ठेवा परक्या सरकारच्या खर्चाने छापला गेला, ही गोष्ट परंपरेच्या अभिमान्यांनाही अडचणीची आणि टीकाकारांनाही.

नव्या शिक्षणाची सुरुवातही जुन्याच पैशातून झाली. पेशवाईत श्रावणात पर्वतीपाशी रमण्यावर विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई. राज्य गेल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने तो निधी मोडला नाही. १८२१ साली विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली, तीच पुढे रूप बदलत डेक्कन कॉलेज झाली. १८४९ साली पुण्यातल्या काही सुधारकांनी या दक्षिणेचा काही भाग मराठी ग्रंथांच्या बक्षिसांकडे वळवावा असा अर्ज केला, आणि शहरात वादळ उठले. एल्फिन्स्टनचे १८२३ चे शिक्षणविषयक टिपण वाचताना एका जागी थांबावेच लागते. खालच्या मानलेल्या जातींतली मुले उत्तम शिकतात असा मिशनऱ्यांचा अनुभव आहे, हे तो नोंदवतो, आणि लगेच सावध करतो की त्यांना खास उत्तेजन दिले तर नवे शिक्षण वरच्या वर्गांत कधी पसरणार नाही. वारसांच्या नव्या यादीतून नावे कशी गळली, ते इथे त्याच्याच लेखणीतून कळते.

ती नावे परत घालण्याचे काम १८४८ पासून पुण्यात सुरू झाले. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांच्या शाळांचा इतिहास आता पुष्कळांना ठाऊक आहे. त्या शाळेतल्या एका विद्यार्थिनीने काय लिहिले, ते मात्र पुरेसे वाचले जात नाही. मुक्ता साळवे या मातंग समाजातल्या मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदया’त छापला गेला. तिचे वय तेव्हा चौदाच्या आसपास. धर्मग्रंथ वाचण्याचा अधिकार आम्हाला नसेल, तर आमचा धर्म तरी कोणता, असा तिचा सवाल आहे. शिक्षणाने वारशाचे काय करायचे याबद्दल गेल्या दोनशे वर्षांत मराठीत जे लिहिले गेले, त्यात या निबंधाइतका थेट घाव दुसरा मला माहीत नाही. या संग्रहात त्यावर स्वतंत्र लेख आहे. तो आधी वाचला तर पुढचे बरेच काही उलगडेल.

फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेले निवेदनही पुन्हा वाचायला हवे, कारण त्यांना परंपरेचे निव्वळ वैरी ठरवणाऱ्यांची तिथे पंचाईत होते. प्राथमिक शिक्षण बारा वर्षांपर्यंत सक्तीचे असावे, शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातले असावेत, या त्यांच्या मागण्या प्रसिद्ध आहेत. पण अभ्यासक्रमात त्यांनी काय मागितले? मोडी आणि बाळबोध, हिशेब, इतिहास-भूगोल-व्याकरणाची तोंडओळख, शेतीचे प्राथमिक ज्ञान, आरोग्याचे आणि नीतीचे काही धडे. म्हणजे पंतोजींच्या शाळेतले जे कामाचे होते ते त्यांनी ठेवले, शेतकऱ्याच्या घरातले ज्ञान प्रथमच शाळेच्या यादीत घातले, आणि नीतीला पोथीपासून सोडवून वेगळी जागा दिली.

त्याच सुमाराला पुण्याच्या दुसऱ्या पेठेत काय चालले होते? देशाभिमानाचा आणि स्वभाषेचा कैवार घेणाऱ्या विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी टिळकांच्या साथीने १८८० साली शाळा काढली, तिचे नाव न्यू इंग्लिश स्कूल. यात मी ढोंग पाहत नाही. इंग्रजी विद्येच्या बळावरच स्वत्व टिकेल अशी त्यांची धारणा होती. पण परंपरावाद्याच्या शाळेत इंग्रजी आणि बंडखोराच्या मागणीत मोडी, हे चित्र पाहिल्यावर ‘परंपरा विरुद्ध सुधारणा’ ही आपली सोयीची मांडणी किती तोकडी आहे ते दिसते. त्याच मंडळींतले आगरकर नीतीला धर्माचा टेकू लागत नाही, तिला बुद्धीचा आधार पुरतो, असे सांगू लागले आणि सोबत्यांपासून दुरावले. राष्ट्रीय शिक्षणाचा पुढचा प्रयोग विष्णु गोविंद विजापूरकरांच्या समर्थ विद्यालयाचा. सरकारने तो फार काळ चालू दिला नाही.

मूल्ये आणि वारसा यांचा सैद्धांतिक विचार ज्याला समजून घ्यायचा आहे, त्याने थोडे न्यूयॉर्कला जायला हवे. १९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात होते आणि जॉन ड्यूई हे त्यांच्या गुरूंपैकी एक. ड्यूईंचे लोकशाही आणि शिक्षणावरचे पुस्तक १९१६ सालचे. त्यांचे म्हणणे असे की भूतकाळातून समाजाकडे पुष्कळ क्षुल्लक, मृत आणि सरळसरळ विकृत गोष्टीही आलेल्या असतात; शाळेने सगळेच पुढे न नेता, उद्याचा समाज ज्याने बरा होईल तेवढेच न्यावे. वीस वर्षांनी, १९३६ साली, ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ लिहिताना आंबेडकरांनी गुरूचे ऋण मानून हाच विचार हिंदू समाजापुढे ठेवला. मुंबईत सिद्धार्थ आणि औरंगाबादेत मिलिंद ही त्यांच्या संस्थेच्या महाविद्यालयांची नावे पाहा. महाडला १९२७ मध्ये मनुस्मृती जाळणाऱ्या माणसाने वारसा टाकला नाही; त्याने अडीच हजार वर्षे मागे जाऊन आपला पूर्वज स्वतः निवडला. पूर्वज निवडता येतो, हा विचार मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत धाडसी वाटतो.

श्रमाच्या वारशाची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था काढली. साताऱ्याच्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत, शेतात खपत आणि शिकत. ‘कमवा आणि शिका’ने बहुजनांच्या घरातले श्रम शाळेत आणले खरे, पण जातीचे कुंपण काढून. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधींनी नई तालीम मांडली, तेव्हा हस्तोद्योग हेच शिक्षणाचे माध्यम ठरले. कागदावर दोन्ही कल्पना शेजारच्या वाटतात. धोका कुठे आहे ते पुढे मद्रास राज्यात दिसले: १९५३ साली राजाजींनी मुलांनी अर्धा वेळ शाळेत आणि उरलेला घरच्या धंद्यात घालवावा अशी योजना आणली, हे जातीचेच शिक्षण म्हणून तिला प्रचंड विरोध झाला आणि १९५४ मध्ये ती मागे घ्यावी लागली. कुंभाराच्या मुलाला माती कळते, हे खरे. पण ती त्याला शाळेने शिकवावी की ब्राह्मणाच्या मुलाला शिकवावी? या एका प्रश्नावर आमच्या लेखकांची संपादकीय बैठकीत सगळ्यात जास्त जुंपली, आणि तो वाद आम्ही मिटवलेला नाही. दोन्ही बाजू पुस्तकात शेजारी शेजारी आहेत.

बालशिक्षणाच्या परंपरेला या वादांत नेहमी मागची बाकडी मिळतात. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक १९४५ मध्ये बोर्डीला आल्या आणि पुढे अनुताई वाघांसह कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. मॉन्टेसोरीची महागडी साधने परवडणारी नव्हती, तेव्हा पाने, बिया, शिंपले आणि खडे हीच साधने झाली. वारली मुले शाळेत येत नाहीत, म्हणून शाळा पाड्यातल्या अंगणात गेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. मुलाला त्याच्या घरचे जे येते तिथूनच सुरुवात करायची, हे तत्त्व इथे घोषणेवाचून आले. दुसऱ्या टोकाला साने गुरुजी. नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली लिहिलेल्या ‘श्यामची आई’ने मराठी घरांना नीतिशिक्षणाचे एक रूप दिले: उपदेशाऐवजी आठवण, दंडाऐवजी डोळ्यांतले पाणी. त्या पुस्तकाचे ऋण मोठे आहे. पण संस्कारांची सगळी मजुरी त्यात आईच्या माथी पडते आणि पुढच्या कित्येक पिढ्यांनी ती तशीच राहू दिली, हेही एकदा म्हणायला हवे.

स्वातंत्र्यानंतर यादी करण्याचे काम सरकारकडे आले. संविधानाच्या २८व्या अनुच्छेदाने पूर्णतः सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थांतून धर्मशिक्षण वगळले. १९७६ मध्ये मूलभूत कर्तव्ये आली, त्यांत संमिश्र संस्कृतीचा वारसा जपणे आणि वैज्ञानिक दृष्टिकोन वाढवणे ही दोन्ही कलमे एकाच अनुच्छेदात बसली. त्यांची भांडणे शिक्षकाने वर्गात सोडवायची. १९६७ साली बालभारती स्थापन झाली आणि राज्यभरच्या मुलांच्या हाती एकच पुस्तक पडू लागले. या एकाच पुस्तकाची ताकद केवढी, ते बहिणाबाई चौधरींकडे पाहून कळावे. लिहिता-वाचता न येणाऱ्या खानदेशातल्या या बाईची गाणी १९५२ मध्ये, तिच्या मागे, छापली गेली, आणि पाठ्यपुस्तकातून ती कोकणातल्या मुलालाही पाठ झाली. जात्यावरचा वारसा अशा रीतीने एकदा तरी सातबाऱ्यावर चढला.

आज हा विषय पुन्हा तापला आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने भारतीय ज्ञान परंपरेला अभ्यासक्रमात मानाचे स्थान दिले. २०२४ मध्ये राज्याच्या शालेय अभ्यासक्रम आराखड्याचा मसुदा आला. त्यात मनाचे श्लोक आणि गीतेचा अध्याय यांच्या पाठांतराची सूचना होती आणि मनुस्मृतीतले वचनही उद्धृत केले होते. गदारोळ झाला, आणि नेहमीप्रमाणे दोन तट पडले. एका तटाला परंपरेचे नाव काढले की जात दिसते, दुसऱ्याला प्रश्न विचारला की द्रोह दिसतो. त्या गदारोळात काही साधे प्रश्न कोणी विचारलेच नाहीत. भारतीय ज्ञान परंपरेत वारली बाईचे बियाण्याचे ज्ञान येते का? मुक्ता साळवेचा निबंध येतो का? पखाल्याचे, गवंड्याचे, सुईणीचे ज्ञान कोणत्या श्रेयांकात बसवायचे? पाठांतराला माझा विरोध नाही. वारीने सगळा महाराष्ट्र पाठांतरानेच शिकवला. पण वारीत अभंग पाठ करणारा त्याचा अर्थही आपल्या जगण्याशी ताडून पाहत होता, आणि परीक्षेसाठी श्लोक पाठ करणाऱ्याला तेवढी उसंत कोण देणार?

हे पुस्तक कोणता वारसा घ्यावा याची नवी यादी देत नाही. आधीच्या याद्या कशा झाल्या, कोणी केल्या, कोणाच्या हरकती फेटाळल्या गेल्या, हे ते दाखवते. पहिला भाग शाळेबाहेरच्या शिकण्याचा आहे, दुसरा शाळेच्या घडणीचा, तिसरा आजच्या वर्गांतून लिहिलेला. तिसऱ्या भागातले बहुतेक लेखक कार्यरत शिक्षक आहेत. त्यांच्या लेखांत तळटीपा कमी आहेत आणि काही ठिकाणी राग जास्त आहे. दोन्ही आम्ही तसेच ठेवले.

उणिवाही सांगायला हव्यात. उर्दू शाळांचा आणि मदरशांचा इतिहास इथे एकाच लेखात उरकला आहे, तो अपुरा आहे. गोव्यात पोर्तुगीज अमलाखाली, विशेषतः १९१० च्या प्रजासत्ताकानंतर, हिंदू समाजाने मराठी शाळा कशा वाढवल्या, आणि कोकणी-मराठी वादात त्या वारशाचे काय झाले, या विषयावर लेख मिळवण्याचा प्रयत्न झाला, पण तो वेळेत हाती आला नाही. मिशनरी शाळांचा उल्लेख जागोजागी आहे, स्वतंत्र विचार नाही. पंडिता रमाबाई आणि धोंडो केशव कर्वे यांच्यावरचे दोन लेख एकमेकांशी झगडतात. ते एका बैठकीत वाचावेत. आणि ज्या शिक्षकाला उद्या सकाळी परिपाठ घ्यायचा आहे, त्याने तिसऱ्या भागापासून सुरुवात केली तरी चालेल; मागचे संदर्भ लागतील तसे तो उलटे चाळत येईलच.